क्रिएटिनिन वाढलंय म्हणाले, आता पुढे काय? किडनीच्या नव्या पेशंटसाठी आणि घरच्यांसाठी

रिपोर्टवर क्रिएटिनिनच्या ओळीत ठळक आकडा छापून येतो, डॉक्टर "जरा किडनीच्या डॉक्टरांना दाखवून घ्या" म्हणतात, आणि घरी पोचेपर्यंत कोणाच्या तरी तोंडून 'डायलिसिस' हा शब्द निघालेला असतो. आमच्या घरात हा आजार पहिल्या रिपोर्टपासून डायलिसिसपर्यंत गेला. तेवढ्या काळात जे कळलं, ते कोणीतरी सुरुवातीलाच क्रमाने सांगायला हवं होतं असं फार वाटायचं, म्हणून हे लिहितोय.

किडनीचा जुनाट आजार बहुतेक वेळा तयारीला वेळ देतो, कधी काही महिने, कधी कित्येक वर्षं. तो वेळ घाबरण्यात आणि ऐकीव उपायांत निघून जातो, हीच खरी अडचण. खालच्या पायऱ्या त्या वेळासाठी आहेत. औषध सुरू करणं, बंद करणं, डोस बदलणं हे मात्र तुमच्या डॉक्टरांचंच काम.

## १. आकडा नीट वाचा

प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला जवळजवळ सगळा परत रक्तात जातो आणि दीड-दोन लिटर लघवी होऊन बाहेर पडते. क्रिएटिनिन हा स्नायूंच्या रोजच्या कामातून तयार होणारा टाकाऊ पदार्थ. किडनी तो बाहेर टाकते. गाळणं मंदावलं की तो रक्तात साठतो.

फक्त क्रिएटिनिन बघून काही ठरत नाही, कारण ते स्नायूंवर अवलंबून असतं. म्हणून वय आणि लिंग धरून ईजीएफआर काढतात, म्हणजे किडनी मिनिटाला किती मिलिलिटर गाळते त्याचा अंदाज. एकच आकडा घेऊ: क्रिएटिनिन १.३. सध्या वापरात असलेल्या २०२१ च्या सूत्राने पंचवीस वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर येतो साधारण ७८ आणि पंचाहत्तर वर्षांच्या बाईंचा साधारण ४३. रिपोर्टवर दोघांचाही आकडा 'जरासा जास्त' एवढाच दिसतो.

ईजीएफआरवरून टप्पे ठरतात:

- ९० किंवा जास्त: पहिला. लघवीत प्रथिनं किंवा सोनोग्राफीत दोष असेल तरच आजार म्हणायचा.
- ६० ते ८९: दुसरा. इथेही तीच अट.
- ४५ ते ५९: तिसरा अ.
- ३० ते ४४: तिसरा ब.
- १५ ते २९: चौथा.
- १५ च्या खाली: पाचवा. याला किडनी फेल्युअर म्हणतात. पण त्याच दिवशी डायलिसिस लागतं असा याचा अर्थ नाही.

जुनाट आजार म्हणायला हे तीन महिन्यांहून जास्त टिकायला हवं. एका रिपोर्टवर शिक्का मारून घेऊ नका. तपासणीच्या आधी भरपूर मांसाहार, व्यायामवाल्यांची क्रिएटिन पावडर, उलट्या-जुलाबांनी कमी झालेलं शरीरातलं पाणी, ट्रायमेथोप्रिमसारखं एखादं औषध, यांनीही क्रिएटिनिन वर जातं. शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा आणि तारीखवार आकडे एका कागदावर उतरवा. ती रांग एका आकड्यापेक्षा खूप जास्त सांगते.

दोन गैरसमज इथेच काढून टाका. पहिला: "लघवी तर व्यवस्थित होतेय, मग किडनी कशी खराब?" लघवीचं प्रमाण शेवटपर्यंत ठीक राहू शकतं, तिच्यातून घाण बाहेर पडते का हा प्रश्न असतो. दुसरा: "दुखत तर काहीच नाही." दुखत नाहीच. बराच काळ कसलंही लक्षण नसतं.

## २. हे अचानक झालंय की हळूहळू, ते शोधा

पहिल्या भेटीत डॉक्टरांना हेच हवं असतं. ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढलं किंवा आठवड्याभरात दीडपट झालं, तर तो अचानक झालेला बिघाड. जंतुसंसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, वेदनाशामक गोळ्या, प्रोस्टेटमुळे किंवा खड्यामुळे अडलेली लघवी ही त्याची नेहमीची कारणं, आणि वेळेत उपचार झाले तर किडनी बऱ्याचदा सावरते. अशा वेळी काही दिवस डायलिसिस करावं लागलं तरी ते कायमचं असतंच असं नाही.

फरक ओळखायला सगळ्यात उपयोगी कागद म्हणजे जुना रिपोर्ट. कपाट उपसा. विम्यासाठी, नोकरीसाठी, एखाद्या ऑपरेशनच्या आधी केलेली रक्ततपासणी, काहीही चालेल. दोन वर्षांपूर्वी १.८ होतं आणि आज २.१ आहे, ही एक गोष्ट. महिन्यापूर्वी ०.९ होतं आणि आज २.१ आहे, ही अगदी वेगळी आणि तातडीची गोष्ट.

सोनोग्राफीही मदत करते. मोठ्या माणसाची किडनी साधारण ९ ते १२ सेंटिमीटर लांब असते. आक्रसलेली दिसली तर आजार जुना असण्याची शक्यता जास्त. मधुमेहात मात्र किडनी बिघडूनही आकार शाबूत राहू शकतो, तेव्हा "साइज नॉर्मल आहे" यावर निर्धास्त होऊ नका.

## ३. तपासण्या पूर्ण करून घ्या

क्रिएटिनिनइतकीच महत्त्वाची, आणि सर्रास राहून जाणारी तपासणी म्हणजे लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो (अल्ब्युमिन हे रक्तातलं एक प्रथिन). ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत असावा. ३०० च्या वर म्हणजे गाळण्यांतून प्रथिनं चांगलीच गळतायत. नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा दिला तर उत्तम. लघवीला फेस येऊन तो बराच वेळ टिकत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

बाकी यादी: लघवीची साधी तपासणी, पोटॅशियम, बायकार्बोनेट, कॅल्शियम, फॉस्फरस, हिमोग्लोबिन आणि लोह, पॅराथायरॉइड हार्मोन, साखर. कारण कळत नसेल तर बायॉप्सी सुचवतात, म्हणजे सुईने किडनीचा बारीक तुकडा काढून बघणं. त्याच्या आधी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्याचं आठवणीने सांगा.

चोवीस तासांची लघवी गोळा करायला सांगितली तर तिथे हमखास घोळ होतो. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि घड्याळात वेळ बघून लिहायची. त्यानंतर दिवसभराची आणि रात्रीची प्रत्येक लघवी डब्यात. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची पहिली लघवी मात्र डब्यात घ्यायची, आणि तिथे थांबायचं. शौचाला जाताना होणारी लघवीसुद्धा सुटता कामा नये. एखादी वेळ चुकली तर लॅबला तसं सांगून नव्याने सुरू करा. अर्धवट डब्याचा रिपोर्ट डॉक्टरांची दिशाभूल करतो.

## ४. फाईल तयार करा

एक जाड फाईल, नवे कागद वर. तिच्यात हे हवं:

- सगळे रक्त-लघवीचे रिपोर्ट, आणि सर्वात वर क्रिएटिनिन, ईजीएफआर, पोटॅशियम, हिमोग्लोबिन यांचा तारीखवार तक्ता
- सोनोग्राफीचे रिपोर्ट
- चालू औषधांची यादी, डोससकट. दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या गोळ्या, पावडरी, काढे हेही त्यात. लपवू नका, इथे लाज बाळगून चालत नाही.
- घरी मोजलेल्या बीपीची आणि वजनाची वही
- ॲडमिट झाला असाल तर डिस्चार्ज कार्ड
- रक्तगट, लशींच्या नोंदी, कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्हीचे रिपोर्ट
- विम्याचे कागद आणि ओळखपत्राच्या प्रती
- घरात कोणाला किडनीचा आजार, मधुमेह, बीपी आहे का, याची नोंद

सामान म्हणून दंडाला बांधायचं बीपीचं यंत्र आणि साधा वजनकाटा पुरतो. बीपी मोजण्यापूर्वी पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर. जिना चढून आल्या आल्या मोजलेला आकडा वहीत लिहून काही फायदा नाही.

## ५. योग्य डॉक्टर, योग्य प्रश्न

किडनीचं काम बिघडलं तर नेफ्रॉलॉजिस्ट. खडा, प्रोस्टेट, अडलेली लघवी, म्हणजे जिथे शस्त्रक्रियेचा प्रश्न येतो तिथे युरॉलॉजिस्ट. बरेच जण चुकीच्या दारात जाऊन महिना घालवतात.

भेटीला जाताना प्रश्न कागदावर नेलेले बरे: आजाराचं कारण काय? टप्पा कोणता, आणि ईजीएफआर किती वेगाने उतरतोय? माझ्या औषधांपैकी कोणती बदलायला हवीत? बीपी किती ठेवायचं? पुढची तपासणी कधी? डायलिसिसची किंवा ट्रान्सप्लांटची तयारी कोणत्या आकड्याला सुरू करायची? हा शेवटचा प्रश्न विचारायला जीव धजावत नाही, पण तोच आधी विचारा.

## ६. औषधांची शिस्त

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा सविस्तर.

वेदनाशामक गोळ्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि त्यांची भावंडं किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. गुडघेदुखी, दातदुखी, अंगदुखी, कारण कोणतंही असो, "मला किडनीचा त्रास आहे" हे सांगितल्याशिवाय गोळी घेऊ नका. पॅरासिटामॉल ठरलेल्या डोसमध्ये सहसा चालतं. सर्दी-तापाच्या एकत्रित गोळ्यांचं पाकीट उलटून घटक वाचा, आयबुप्रोफेन तिथे लपलेलं असतं.

'नैसर्गिक' म्हणून विकली जाणारी औषधं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये वजन कमी करण्यासाठी वनस्पतींच्या गोळ्या घेतलेल्या अनेक स्त्रियांच्या किडन्या निकामी झाल्या. त्या गोळ्यांत ॲरिस्टोलोकिक ॲसिड असलेली वनस्पती गेली होती. झाडपाला आहे म्हणून अपाय नाही, हा समज किडनीच्या पेशंटला परवडणारा नाही. "डायलिसिस बंद करून देतो" म्हणणाऱ्यांपासून तर लांबच राहा.

'प्रिल' आणि 'सार्टन' गटातली बीपीची औषधं. रामिप्रिल, टेल्मिसार्टन वगैरे. ही किडनीचं संरक्षण करतात, विशेषतः लघवीतून प्रथिनं जात असतील तर. पण सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वर जातं आणि घरचे घाबरून गोळी बंद करतात. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ सहसा चालवून घेतात. त्यासाठी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं असतं. ती तारीख मागून घ्या.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन. मूळची मधुमेहाची औषधं. २०२० पासून आलेल्या मोठ्या अभ्यासांत मधुमेह नसलेल्या पेशंटचीही किडनी त्यांनी जास्त काळ टिकल्याचं दिसलं. आपल्याला चालतील का, हे विचारायला हरकत नाही.

आजारपणाचे दिवस. उलट्या, जुलाब, खाणंपिणं बंद, अशा वेळी वरच्या गोळ्यांपैकी काही आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. कोणत्या आणि कधी परत सुरू करायच्या, हे धडधाकट असतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्या.

साखर अचानक 'सुधारली' तर. मधुमेही माणसाला पूर्वीच्याच डोसवर साखर कमी यायला लागली की घरात आनंद होतो. किडनी मंदावल्यावर इन्सुलिन आणि काही गोळ्या शरीरात जास्त वेळ रेंगाळतात, म्हणून तसं होतं. ही आनंदाची नव्हे, डोस तपासून घ्यायची वेळ. मेटफॉर्मिनही ईजीएफआर ३० च्या खाली गेला की बंद करतात.

सीटी स्कॅनमध्ये किंवा अँजिओग्राफीत रंगद्रव्य देणार असतील तर ताजा क्रिएटिनिन रिपोर्ट आधी दाखवा.

## ७. खाणंपिणं

मिठावर सगळ्यांचं एकमत आहे: दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून जेमतेम एक छोटा चमचा, त्यात पाकीटबंद पदार्थांतलंही आलं. पण म्हणून बाजारातलं 'कमी सोडियमचं' मीठ आणू नका. त्यात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, आणि पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

बाकी पथ्य रिपोर्टवर ठरतं, शेजाऱ्यांच्या यादीवर नाही. पोटॅशियम नॉर्मल असताना सगळी फळं बंद करणं, किंवा घाबरून प्रथिनं जवळजवळ सोडूनच देणं, यातून पेशंट अशक्त होतो आणि क्रिएटिनिन खोटंच कमी दिसायला लागतं, कारण स्नायू झिजलेले असतात. डायलिसिसपूर्वी साधारण वजनाच्या किलोमागे ०.८ ग्रॅम प्रथिनं सांगतात. डायलिसिस सुरू झाल्यावर उलट जास्त लागतात, १ ते १.२ ग्रॅम. हा बदल आहारतज्ज्ञांकडून समजून घ्या, नाहीतर जुनंच पथ्य पुढे चालू राहतं.

"भरपूर पाणी पी, किडनी साफ होईल" हा सल्ला खड्याच्या पेशंटचा. पायाला सूज, धाप, कमी लघवी असेल तर पाणी मोजूनच.

## ८. हाताच्या शिरा आणि लस: हे आधीच करा

ईजीएफआर ३० च्या खाली उतरला की ही पायरी सुरू. हिमोडायलिसिससाठी, म्हणजे रक्त यंत्रातून गाळून परत शरीरात सोडण्यासाठी, हातातली रोहिणी आणि शीर जोडून फिस्टुला करतात. १९६६ साली ब्रेशिया, सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली, आणि अजून तिच्या तोडीचं काही आलेलं नाही. फिस्टुला तयार व्हायला सहा आठवडे ते तीन महिने लागतात, कधी जास्त, आणि काही वेळा तो चालतच नाही, पुन्हा करावा लागतो. गरज पडेल तेव्हा बघू, असं म्हणत राहिलं की आयत्या वेळी मानेत कॅथेटर, म्हणजे नळी, घालावा लागतो. त्यात जंतुसंसर्गाचा धोका बराच जास्त.

फिस्टुला शक्यतो ज्या हाताने लिहीत नाही त्या हातावर करतात. म्हणून त्या हाताच्या शिरा आत्तापासून जपा. रक्त काढायला आलेल्या माणसाला दुसरा हात पुढे करा, तोही मनगटापलीकडे तळहाताच्या मागच्या बाजूला जमलं तर उत्तम. ॲडमिट असताना सलाइनची सुई कुठे लागतेय यावर घरच्यांनी लक्ष ठेवायचं. नर्सला चार वेळा सांगावं लागलं तर चार वेळा सांगा.

कावीळ ब ची लसही लवकर घ्या. किडनी जसजशी मंदावते तसतशी लस कमी लागू पडते, म्हणून डायलिसिसच्या पेशंटना सहसा दुप्पट डोस देतात. नंतर रक्तात अँटिबॉडी तयार झाल्या का ते तपासायचं, १० च्या वर हव्यात.

पुढे ट्रान्सप्लांटचा विचार असेल तर रक्त चढवण्यापूर्वी दोनदा विचारा. दुसऱ्याच्या रक्तामुळे अशा अँटिबॉडी तयार होऊ शकतात की पुढे जुळणारी किडनी मिळणं अवघड होतं. किडनीच्या आजारातल्या कमी हिमोग्लोबिनवर लोह आणि एरिथ्रोपॉइटिनची इंजेक्शनं असतात. जीव वाचवायला रक्त लागलं तर अर्थातच घ्यायचं.

## ९. पर्याय समजून निवडा

ट्रान्सप्लांट. शक्य असेल त्यांच्यासाठी सहसा सर्वात चांगला मार्ग, आणि तो डायलिसिस सुरू व्हायच्या आधीही करता येतो, हे अनेकांना माहीतच नसतं. पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांट १९५४ मध्ये बॉस्टनला जुळ्या भावांमध्ये झालं. नवी किडनी ओटीपोटात बसवतात, जुन्या बहुधा जागेवरच राहतात. त्यानंतर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या किडनी चालेल तोवर, वेळच्या वेळी. दात्याच्या तपासण्यांना वेळ जातो, म्हणून घरातली बोलणी लवकर सुरू करा. बोलणी म्हणजे दबाव नव्हे. दात्याला डॉक्टरांशी एकट्याने बोलायची संधी मिळायला हवी.

हिमोडायलिसिस. साधारण आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास.

पोटाचं डायलिसिस. पोटात कायमची नळी, घरीच दिवसातून साधारण चार वेळा दोन-दोन लिटर द्रव भरायचा आणि काढायचा, किंवा रात्री यंत्रावर. स्वच्छता कडक लागते. बाहेर येणारा द्रव गढूळ दिसला की पोटात जंतुसंसर्ग समजून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

डायलिसिसशिवाय उपचार. फार वय आणि इतर गंभीर आजार असतील तर लक्षणांवर औषधं देत सांभाळणं हाही रीतसर वैद्यकीय पर्याय आहे. पेशंटचं म्हणणं ऐकून घ्या.

डायलिसिस कधी सुरू करायचं? नुसत्या क्रिएटिनिनवर नाही. २०१० च्या 'आयडियल' नावाच्या अभ्यासात लवकर सुरू केलेल्यांना जास्त आयुष्य मिळाल्याचं दिसलं नाही. मळमळ, भूक मरणं, औषधांना न जुमानणारी सूज किंवा धाप, आटोक्यात न येणारं पोटॅशियम, गुंगी, यांवरून ठरवतात. "क्रिएटिनिन आठ झालं, आजच लावा" असं कोणी म्हणालं तर कारण विचारा. आणि ही लक्षणं दिसत असताना "अजून थोडे दिवस" असंही करू नका.

## १०. डायलिसिस सुरू झाल्यावर

ड्राय वेट हा शब्द रोज कानावर पडेल. अंगात जादा पाणी नसतानाचं वजन, असा त्याचा अर्थ. एका डायलिसिसपासून पुढच्या डायलिसिसपर्यंत वजन त्याच्या चार-साडेचार टक्क्यांहून जास्त वाढू नये, म्हणजे ड्राय वेट ६० किलो असेल तर अडीच किलोच्या आसपास. त्याहून जास्त पाणी चार तासांत ओढायला गेलं की बीपी कोसळतं, पायात गोळे येतात. भूक सुधारून खरोखरच अंगावर मांस आलं, किंवा आजारपणात उतरलं, तर ड्राय वेटही बदलायला हवं. ते डॉक्टरांना सुचवा, ते आपोआप होत नाही.

फिस्टुलावर रोज सकाळी बोटं टेकवून बघायचं. खाली बारीक थरथर लागते, मांजर गुरगुरताना तिच्या पाठीवर हात ठेवावा तशी. कान लावला तर सूं-सूं आवाज येतो. थरथर लागेनाशी झाली तर फिस्टुलात रक्ताची गाठ अडकलेली असू शकते. दुसऱ्या दिवसाची वाट न बघता हॉस्पिटलला कळवा, लवकर गेलात तर तो वाचू शकतो. त्या हातावर बीपी नको, रक्त काढणं नको, घट्ट घड्याळ-बांगडी नको, त्या कुशीवर झोपणं नको.

डायलिसिसची पाळी चुकवू नका. बरं वाटतंय म्हणून तर अजिबात नाही.

## ११. वाट बघायची नाही अशी लक्षणं

- आडवं पडल्यावर धाप लागणं
- छातीत दुखणं, धडधड, हातपाय एकदम गळून जाणं (पोटॅशियम वाढल्याची शक्यता, लगेच ईसीजी)
- लघवी अचानक बंद होणं
- गुंगी, असंबद्ध बोलणं, झटका
- कॅथेटर किंवा पोटातली नळी असताना थंडी वाजून ताप
- फिस्टुलातून न थांबणारं रक्त: बोटाने नेमक्या जागी घट्ट दाबून धरा, हात वर उचला, आणि दुसऱ्याला फोन करायला लावा

फोन केल्यावर आधी एवढं सांगायचं: किडनीचा पेशंट आहे, शेवटचं डायलिसिस कधी झालं, शेवटचं पोटॅशियम किती होतं, फिस्टुला कोणत्या हाताला आहे. मग बाकीचं.